मनोमर्कट आणि पुष्पफलगिरीची माकडे

चिनी भाषेतील ‘शी यू ची’ म्हणजेच ‘पश्चिमयात्रा’ या शंभर अध्यायांच्या कादंबरीशी बौद्ध वाङ्मयाच्या अभ्यासकाचा परिचय बहुधा ह्युएनत्संगाच्या निमित्ताने होतो. इ. स. ६४५ मध्ये भारतातून धर्मग्रंथ घेऊन चांगआन नगरीस परतलेला हा महान भिक्षू या कथेत एक भाबडा, भित्रा, वारंवार अश्रू ढाळणारा यात्रिक होऊन अवतरतो आणि कथेचे सारे कर्तेपण त्याच्या शिष्याकडे, सुन वुखुंग नावाच्या माकडाकडे जाते. या कादंबरीची आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी पूर्ण प्रत १५९२ साली नानजिंग येथे छापली गेली. ग्रंथाचे कर्तृत्व परंपरेने वू छंगअन याच्याकडे दिले जाते. त्याविषयीचा वाद येथे प्रस्तुत नाही.

या माकडाविषयी दोन विधाने आपल्या वाचनात पुन्हा पुन्हा येतात. पहिले अभ्यासकांचे : सुन वुखुंग हे चंचल चित्ताचे रूपक होय. दुसरे वन्यजीवांवरील माहितीपटांतून आणि प्रवासी पत्रकांतून पसरलेले : चीनच्या पर्वतांत आढळणारे, आज दुर्मीळ झालेले सोनेरी केसांचे नकट्या नाकाचे वानर हेच सुन वुखुंगचे मूळ रूप. पहिले विधान खरे आहे, परंतु ते ग्रंथाला पुरे पडत नाही. दुसरे खरे नाही, परंतु ते का खरे नाही याचा शोध घेऊ लागल्यास हाती बरेच काही लागते. प्रस्तुत लेखात या दोन्हींचा परामर्श घ्यावयाचा आहे.

चित्ताला माकडाची उपमा देणे पालि वाङ्मयाच्या अभ्यासकाला नवे नाही. संयुत्तनिकायाच्या निदानवग्गात भगवंतांनी चित्त, मन, विञ्ञाण या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या गोष्टीची तुलना वनात हिंडणाऱ्या माकडाशी केली आहे. ते एक फांदी धरते, ती सोडून दुसरी धरते, दुसरी सोडून तिसरी. धम्मपदाच्या तण्हावग्गात प्रमादी माणसाची तृष्णा फळाच्या शोधात उड्या मारणाऱ्या माकडासारखी त्याला जन्मातून जन्मात फिरवते. थेरगाथेत वल्लिय थेर आपल्या शरीराला पाच दारांची कुटी म्हणतात आणि आत कोंडलेले माकड दारादारांवर धडका देत फिरते असे सांगून त्याला स्थिर राहण्यास बजावतात. सहा प्राण्यांच्या सुत्तात सर्प, मगर, पक्षी, कुत्रा, कोल्हा आणि माकड हे सहा प्राणी एका दोरीत बांधले आहेत. प्रत्येक जण आपापल्या ठिकाणाकडे ओढ घेतो. माकडाची ओढ अरण्याकडे, आणि मन म्हणजे ते माकड.

हीच उपमा चिनी भाषेत गेली. कुमारजीवाने इ. स. ४०६ मध्ये केलेल्या विमलकीर्तिनिर्देशाच्या भाषांतरात, दमनास कठीण अशा माणसांची मने माकडासारखी असल्याने त्यांना नाना उपायांनी वळणावर आणावे लागते, असा आशय येतो. पुढे ‘चित्त हे माकड, इच्छा हा घोडा’ असा जोडशब्द चिनी भाषेत रूढ झाला आणि पश्चिमयात्रेच्या कर्त्याने आपल्या अध्यायांच्या शीर्षकांतून सुन वुखुंगला उघडपणे ‘मनोमर्कट’ म्हटले. त्याचे नावही सूचक आहे. ‘वुखुंग’ म्हणजे शून्यतेचा बोध झालेला. हे नाव देणाऱ्या गुरूचे नाव सुभूति. अंगुत्तरनिकायात ज्या सुभूति थेरांना कलहरहित विहार करणाऱ्यांत अग्र म्हटले आहे आणि वज्रच्छेदिकेत जे भगवंतांशी शून्यतेचा संवाद करतात, त्यांचेच नाव. कलहरहितांमधील अग्र पुरुषाने स्वर्गात दंगल माजवणारा शिष्य घडवावा, ही ग्रंथकाराची थट्टा आहे की अनवधान, हे सांगणे कठीण. मला ती थट्टाच वाटते.

चौदाव्या अध्यायात हे रूपक सर्वांत स्पष्ट होते. पाचशे वर्षे डोंगराखाली दबलेल्या माकडाला भिक्षू मुक्त करतो आणि लगेच वाटेत सहा दरोडेखोर आडवे येतात. त्यांची नावे डोळा, कान, नाक, जीभ, मन आणि देह यांवरून व त्यांच्या सुखदुःखांवरून ठेवलेली आहेत. माकड त्यांना ठार करते. आसीविसोपमसुत्तात सहा बाह्य आयतनांना गाव लुटणारे चोर म्हटले आहे, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या अध्यायाचे कूळ सांगावे लागत नाही. परंतु सुत्तातला माणूस चोरांपासून पळून, गवत-काटक्यांचा तराफा बांधून पैलतीर गाठतो. कादंबरीतले माकड त्यांना काठीने ठेचते. भिक्षू त्याला हिंसेबद्दल बोल लावतो, ते रागावून निघून जाते, परत येते आणि मग त्याच्या मस्तकावर सोन्याचे कडे चढते. मंत्र म्हटला की कडे आवळते. अखेरच्या अध्यायात बुद्धपद मिळाल्यावर तेच कडे आपोआप नाहीसे होते. चित्ताच्या दमनाची एवढी सुसंगत कथा भारतीय भाषांतही विरळाच.

येथवर रूपकवादी समीक्षकांशी माझा मतभेद नाही. मतभेद अठ्ठाविसाव्या अध्यायापासून सुरू होतो.

आदल्या अध्यायात माकडाने मायावी रूपे धारण करणाऱ्या एका अस्थिपिशाचीला तीन वेळा झोडपले. भिक्षूला ती रूपे खऱ्या माणसांची वाटली. हत्येच्या आरोपावरून त्याने शिष्याला लेखी पत्र देऊन हाकलले. माकड आपल्या जन्मस्थानी, पुष्पफलगिरीवर परत जाते. पाहते तो डोंगर उजाड. फुले नाहीत, गवत नाही, कडे कोसळलेले, झाडे वाळलेली. स्वर्गाच्या सैन्याने त्याला पूर्वी पकडले तेव्हा देव-सेनापती अर्लांगने डोंगराला आग लावली होती. गवतातून सात-आठ लहान माकडे बाहेर येतात आणि हकिगत सांगतात. निम्म्याहून अधिक माकडे आगीत मेली. काही विहिरीत, ओढ्यात, पुलाखाली दडून वाचली. आग विझल्यावर खायला फळ उरले नाही म्हणून उरलेल्यांतली निम्मी डोंगर सोडून गेली. जी राहिली, त्यांतली निम्मी गेल्या दोन वर्षांत शिकाऱ्यांनी नेली. धनुष्य, ससाणे, कुत्रे, जाळी, आकड्यांचे भाले. जी मेली त्यांची कातडी सोलून, हाडे काढून, मांस मसाल्यात शिजवून भातासोबत खाल्ले गेले. जी जिवंत सापडली त्यांना कोलांट्या उड्या मारायला शिकवून रस्त्यावर ढोलकी-झांजेच्या तालावर नाचवले गेले. आता किती उरलात, असे माकड-राजा विचारतो. लहानमोठी मिळून हजारभर, असे उत्तर येते. त्याने डोंगर सोडला तेव्हा ती सत्तेचाळीस हजार होती.

हा मजकूर वाचताना रूपकाचा धागा हातातून सुटतो. सुन वुखुंग हे चित्त असेल, तर ही सत्तेचाळीस हजार माकडे काय? त्यांना वितर्क म्हणावे, चेतसिक म्हणावे, तर त्यांची कातडी कोण सोलते, आणि त्यांना कोण भातासोबत खाते? टीकाकारांनी या ठिकाणी काही ओढाताण केलेली आहे, पण ती पटत नाही. येथे ग्रंथकार काही काळ रूपक बाजूला ठेवून खऱ्या माकडांविषयी, खऱ्या डोंगराविषयी आणि खऱ्या शिकाऱ्यांविषयी बोलत आहे, असेच मला वाटते. त्याने सांगितलेला क्रमही कल्पनेचा नाही. आधी वन जळते, मग अन्न संपते, मग कळप फुटतो आणि उरलेल्यांवर शिकारी तुटून पडतो. एखादी प्राणिजात कशी संपते याचे याहून नेटके वर्णन सोळाव्या शतकातील कथाग्रंथात मला आढळलेले नाही. इतकेच नव्हे, शिकाऱ्यांचा निकाल लावल्यावर माकड-राजा सागरांच्या नागराजांकडून गोड पाणी मागवून डोंगर धुऊन हिरवा करतो आणि पुढे-मागे एल्म, वाळुंज, देवदार, पीच, आलुबुखार अशी झाडे लावतो. मी हा मजकूर पहिल्यांदा वाचला तेव्हा वनीकरणाचा हा तपशील कोणा आधुनिक रूपांतरकाराने घातला असावा, अशी शंका आली होती. तो मूळचाच आहे.

मग हा अध्याय आपल्याकडे अपरिचित का? एक कारण साधे आहे. भारतात हा ग्रंथ ज्यांनी वाचला त्यांपैकी बहुतेकांनी आर्थर वेली यांनी १९४२ साली प्रसिद्ध केलेले ‘मंकी’ हे इंग्रजी रूपांतर वाचले. भाषा अत्यंत प्रसन्न, परंतु शंभरांपैकी तीसच अध्याय. बाविसाव्या अध्यायानंतर वेली एकदम सदतिसाव्यावर जातात. त्यामुळे अठ्ठाविसावा गेला, आणि खरे व खोटे माकड यांचा निवाडा केवळ तथागतच करू शकतात हा अठ्ठावन्नाव्या अध्यायातला अपूर्व प्रसंगही गेला. १९७७ ते १९८३ या काळात अँथनी यू यांचे संपूर्ण इंग्रजी भाषांतर चार खंडांत निघाले. पण तोपर्यंत या माकडाची विनोदी, बंडखोर आणि मग सुधारलेला शिष्य ही प्रतिमा पक्की झाली होती. वेलींनी केलेली निवड ही वाङ्मयीन निवड होती आणि तसा त्यांना अधिकार होता. मात्र त्या निवडीत कथेचा नायक राहिला आणि त्याची प्रजा गळाली, एवढे नमूद करणे अगत्याचे आहे.

आता सोनेरी वानराकडे वळू. मराठीत ‘माकड’ आणि ‘वानर’ असे दोन वेगळे शब्द आहेत. बोलताना आपण ते सहज अदलाबदलीने वापरतो, पण खेड्यातला माणूस ते वापरत नाही. तांबड्या तोंडाचे, आखूड शेपटीचे ते माकड. काळ्या तोंडाचे, लांब शेपटीचे, पाला खाणारे ते वानर. चिनी भाषेतही असा भेद आहे. ‘हौ’ म्हणजे आपले माकड, आणि ‘युआन’ म्हणजे लांब हातांचा, शेपटी नसलेला, झाडांच्या शेंड्यांवर गाणारा गिबन. डच पंडित रॉबर्ट व्हान गुलिक यांनी १९६७ साली या गिबनवर एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला. चिनी कवींना आणि चित्रकारांना युआन कुलीन वाटे व हौ उथळ. जंगले तुटत जाऊन गिबन दक्षिणेकडे हटत गेला, तसतसे प्राणी न पाहिलेल्या लेखकांनी दोन्ही शब्दांची गल्लत केली, असे व्हान गुलिक दाखवतात. गंमत अशी की ‘मनोमर्कट’ या चिनी समासातला शब्द ‘युआन’ आहे, पालि ‘मक्कट’ मात्र निःसंशय माकड. चित्ताची उपमा सीमेपार जाताना तिला हात लांब झाले!

सुन वुखुंग यांपैकी कोण, याचे उत्तर ग्रंथ पहिल्याच अध्यायात देतो. गुरू त्याला आडनाव देताना म्हणतात की तू ‘हूसुन’, म्हणजे माकड, दिसतोस. मग त्या शब्दाच्या अक्षरांतून पशुवाचक खूण काढून टाकली की जे उरते ते ‘सुन’ हे माणसाचे आडनाव. पशूचे चिन्ह गळले आणि नाव उरले, या लिपीतल्या विनोदावरच नायकाचे नाव उभे आहे. पुढे त्याच्या चेहऱ्याचे वर्णन येते ते पुढे आलेल्या टोकदार तोंडाचे. हे सामान्य माकड होय, चीनमध्ये सर्वत्र आढळणारे आणि आजही नाहीसे होण्याच्या भयात नसलेले.

सोनेरी केसांचा प्राणी याहून अगदी निराळा. त्याचे नाक वर वळलेले, चेहरा निळसर, नराच्या पाठीवर लांब सोनेरी केस. पाला, कळ्या, झाडाची साल आणि हिवाळ्यात खोडावरचे दगडफूल खाऊन तो बर्फात तग धरतो. प्राणिशास्त्रदृष्ट्या तो आपल्या वानरांच्या कुळातला. फ्रेंच धर्मोपदेशक आर्मां दाविद यांनी पाठवलेल्या नमुन्यांवरून मिल्न-एडवर्ड्स यांनी १८७० साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि त्याच्या नाकावरून तुर्की सुलतान सुलेमानच्या राणीचे, रोक्सेलानाचे, नाव त्याला दिले. म्हणजे मराठीत एका वाक्यात सांगता येते : सुन वुखुंग माकड आहे आणि ज्याला त्याचे मूळ म्हणतात तो वानर आहे. हनुमंताशी सुन वुखुंगचे नाते जोडण्याचा वाद १९२३ साली हू शी यांनी सुरू केला, लू शून यांनी चिनी जलराक्षसाचा पक्ष घेतला, आणि तो अद्याप मिटलेला नाही. त्यात शिरण्याचे येथे कारण नाही.

तरीही सोनेरी वानर चिनी ग्रंथांतून अनुपस्थित नाही. त्याला ‘रोंग’ म्हणत, असे अभ्यासक मानतात. सोंग राजवटीत त्याच्या पाठीच्या लांब केसांच्या कातड्याची खोगिरावरची बैठक ही उच्च पदस्थांची खूण होती आणि ती कोणी वापरावी याचे नियम होते. ली शिजन याच्या ‘पेनत्साओ कांगमू’ या औषधिग्रंथातही रोंगचे प्रकरण आहे. हा ग्रंथ पश्चिमयात्रेच्या मागोमाग, १५९०च्या दशकातच आणि त्याच नानजिंग शहरात छापला गेला. एकाच नगरीच्या छापखान्यांतून एकाच दशकात दोन पुस्तके बाहेर पडली. एकात माकड बुद्धपदाला पोहोचले आणि दुसऱ्यात वानर औषधांच्या यादीत बसले. सुन वुखुंगच्या जातभाईंना पुराण मिळाले, रोंगच्या वाट्याला खोगीर आले. आज माहितीपटवाले या रोंगलाच सुन वुखुंगचा मान देऊ करतात. ती एक प्रकारची भरपाईच म्हणायची, पण इतिहास म्हणून ती स्वीकारता येत नाही.

माकडाच्या देहाचे औषध हा विषय जातककथांनाही अपरिचित नाही. कपिजातकात (क्रमांक ४०४) एका दासीने वाळत घातलेले धान्य खाणाऱ्या मेंढ्याला जळते कोलीत मारले. मेंढ्याची लोकर पेटली, तो गवताच्या झोपडीला अंग घासू लागला आणि शेजारच्या हस्तिशाळेतले हत्ती भाजले. राजाच्या पुरोहिताने भाजल्यावर माकडाची चरबी उत्तम असल्याचे सांगितले आणि राजाच्या धनुर्धरांनी माकडांचा कळपच्या कळप मारला. बोधिसत्त्वाने आपल्या अनुयायी माकडांना धोका ओळखून आधीच दूर नेले होते, म्हणून ती वाचली. आपल्या भाषेत ‘माकडाच्या हाती कोलीत’ अशी म्हण आहे. जातकात कोलीत माणसाच्या हाती आहे आणि मरण माकडाच्या वाट्याला. पुष्पफलगिरीवरही तेच.

संयुत्तनिकायातील मक्कटसुत्त या संदर्भात पुन्हा वाचावेसे वाटते. त्याच्या प्रारंभी भगवंत हिमालयाचे तीन प्रदेश सांगतात. पहिला असा दुर्गम की तेथे माकडही जाऊ शकत नाही आणि माणूसही नाही. दुसरा असा की तेथे माकड जाऊ शकते, माणूस नाही. तिसरा रमणीय सपाट, तेथे दोघेही जातात. या तिसऱ्या प्रदेशात माकडांच्या वाटेवर शिकारी डिंकाचा लेप लावून ठेवतो. शहाणी माकडे तो पाहून दूर होतात. लोभी माकड हात लावते, तो चिकटतो. सोडवण्यासाठी दुसरा हात, मग पाय, मग दुसरा पाय, शेवटी तोंड. पाच ठिकाणी अडकलेल्या त्या माकडाला शिकारी हवे तसे नेतो. भिक्षूंनी परक्या विषयांत न जाता आपल्या पैतृक प्रदेशात, म्हणजे चार सतिपट्ठानांत, राहावे, असा त्याचा उपदेश. याचे समांतर सूत्र गुणभद्राने पाचव्या शतकात केलेल्या संयुक्तागमाच्या चिनी भाषांतरात आहे. म्हणजे चिनी भिक्षूंना ते ज्ञात होते.

या सुत्ताचा अर्थ आपण नेहमी शेवटच्या उपदेशावरून लावतो, आणि तो योग्यच आहे. पण उपमा उभी राहते ती त्या पहिल्या भूगोलावर. माकडाचे रक्षण त्याच्या शहाणपणाने होते, कारण जाण्याजोगा दुसरा प्रदेश शिल्लक आहे. तो दुसरा प्रदेशच उरला नाही, तर शहाण्या आणि लोभी माकडांत काय फरक राहिला?

चीनच्या क्वेचौ प्रांतात फानजिंगशान नावाचा पर्वत आहे. नावातले ‘फान’ हे अक्षर ‘ब्रह्म’ शब्दाचे चिनी रूप, आणि सबंध नावाचा अर्थ साधारणतः पवित्र, शुद्ध पर्वत असा होतो. चिनी बौद्ध परंपरेत हे मैत्रेय बोधिसत्त्वाचे स्थान. एका उभ्या खडकाला माथ्यावर चीर पडून त्याची दोन शिखरे झाली आहेत. एकावर शाक्यमुनींचे मंदिर, दुसऱ्यावर मैत्रेयांचे, आणि मधल्या दरीवर छोटा पूल. वर्तमान बुद्धाकडून भावी बुद्धाकडे जाणारा हा पूल ज्याने कल्पिला त्याच्या प्रतिभेला दाद द्यावी लागेल. याच पर्वतावर, आणि जगात अन्यत्र कोठेही नाही, नकट्या वानरांची तिसरी चिनी जात राहते. तिचा रंग सोनेरी नसून करडा आहे. १९०३ साली लंडनमध्ये ओल्डफील्ड टॉमस यांनी एका कातड्यावरून तिचे वर्णन केले. सोनेरी जातीची संख्या संरक्षणानंतर वीस हजारांच्या वर गेल्याचे सांगतात. या करड्या जातीची संख्या अनेक वर्षे सातशे-आठशे अशी दिली जात होती, पण अलीकडच्या गणना ती त्याहून बरीच कमी असल्याचे सांगतात. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने तिला नष्ट होण्याच्या अगदी उंबरठ्यावरील जातींत गणले आहे. १९८६ साली पर्वत राष्ट्रीय संरक्षित क्षेत्र झाला आणि २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसायादीत आला. आता तेथे हवाई पाळणा असून यात्रेकरू व पर्यटक त्यातून वर जातात.

संरक्षणाची ही व्यवस्था मुळीच कमी लेखण्यासारखी नाही. शिकारबंदी नसती, १९९८च्या महापुरानंतर यांगत्सेच्या वरच्या खोऱ्यातील वृक्षतोड थांबवली गेली नसती, तर आज बोलण्यासारखे काही उरलेही नसते. पण पालिच्या विद्यार्थ्याला तो पाळणा पाहून मक्कटसुत्तातला दुसरा प्रदेश आठवतो. माकड जाऊ शकते पण माणूस जाऊ शकत नाही असे स्थान मैत्रेयाच्या डोंगरावर थोडेच उरले आहे, आणि ते कमी करणाऱ्यांत शिकाऱ्याइतकाच श्रद्धाळूही आहे.

येथे पुन्हा कादंबरीकडे यावे लागते, कारण माकड-राजाने शिकाऱ्यांचे काय केले हे सांगायचे राहिले. तो माकडांकडून दगड गोळा करवतो, वारा सोडतो आणि हजारावर माणसे व घोडे ठेचून मारतो. मग हसून म्हणतो की भिक्षूसोबत असताना सत्कर्माचे पुष्कळ उपदेश ऐकले आणि घरी येताच एवढी माणसे मारली. मेलेल्यांचे कपडे धुऊन माकडे अंगात घालतात, घोड्यांचे मांस सुकवून खातात. एका पिशाचीच्या हत्येवरून ज्याला हाकलले त्याने खऱ्या माणसांची एवढी कत्तल केली आणि पुढे गुरूकडे परतल्यावर तिचा हिशेब त्याला कोणी मागितला नाही. पाणातिपाताच्या दृष्टीने पाहता हा ग्रंथातला मोठा दोष होय. रूपकवादी समीक्षेने तो झाकला आहे, कारण तिने अध्यायच गंभीरपणे घेतला नाही. ज्या प्रश्नाला ग्रंथकाराने एवढ्या प्रामाणिकपणे हात घातला, त्याला त्याच्याजवळ सूडाखेरीज उत्तर नव्हते, असे म्हणावे लागते.

बौद्ध परंपरेत मात्र उत्तर होते, आणि खरा ह्युएनत्संग त्याच्या अगदी जवळून गेला होता. वैशालीत त्याने मर्कटह्रद पाहिला. तो तलाव माकडांनी भगवंतांसाठी खोदला होता आणि जवळच त्यांनी भगवंतांचे भिक्षापात्र झाडावर नेऊन मधाने भरून आणले होते, असे त्याने आपल्या प्रवासवृत्तान्तात नोंदवले आहे. ही माकडे चंचल चित्ताची रूपके नव्हेत. ती दान देतात, श्रम करतात. इतिहासातल्या यात्रिकाला भारतात दान देणारी माकडे भेटली आणि कादंबरीतल्या यात्रिकाला साखळीने बांधावे लागणारे माकड मिळाले. मधल्या सुमारे साडेनऊशे वर्षांत सुत्तांतले माकड वाढत गेले आणि जातकांतले मागे पडले.

महाकपिजातक (क्रमांक ४०७) वाचकांना ज्ञात आहेच. गंगेच्या काठचा आंबा, त्याचे एक फळ प्रवाहातून वाराणसीच्या राजाच्या हाती लागते, राजा फळांच्या लोभाने वनात येतो आणि रात्री झाडावर ऐंशी हजार माकडे पाहून सकाळी त्यांना मारण्यासाठी धनुर्धरांचा वेढा घालतो. माकडांचा राजा नदी ओलांडून वेत तोडतो, एक टोक पैलतीरी झाडाला व एक स्वतःच्या कमरेला बांधून परत झेप घेतो. कमरेला बांधलेली लांबी मोजायची राहिल्याने वेत तोकडा पडतो. तेव्हा तो हातांनी फांदी धरून आपल्या पाठीचाच पूल करतो. ऐंशी हजारांतले शेवटचे माकड, जे पुढच्या जन्मी देवदत्त होणार, त्याच्या पाठीवर उंचावरून उडी घेऊन त्याचे हृदय फोडते. राजा हे सारे पाहत असतो. संख्या येथेही सांगितली आहे आणि शिकारीही आहेत. फरक असा की येथे कोणी मारला जात नाही, आणि ऐंशी हजारांच्या ऐंशी हजार पार होतात.

अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात हे जातक रंगवलेले आहे. ह्युएनत्संग महाराष्ट्रात आला होता, आणि त्याने वर्णिलेला डोंगरातील विहार अजिंठ्याचाच असावा, असे बहुतेक विद्वान मानतात. त्याच लेण्यात महिषजातकही आहे. त्यातले माकड शांत म्हशाच्या पाठीवर चढून त्याचा छळ करते. अवगुणी माकड आणि बोधिसत्त्व माकड एकाच लेण्याच्या भिंतींवर आहेत आणि चित्रकारांना त्यांत विसंगती वाटलेली नाही. पश्चिमयात्रा मराठीत जेव्हा कोणी सांगेल, तेव्हा अठ्ठाविसावा अध्याय त्याने वगळू नये. त्यातली हजारभर माकडे कथेच्या अखेरच्या अध्यायात, सुन वुखुंग बुद्ध होतो तेव्हा, कोठेच दिसत नाहीत. सत्तेचाळीस हजारांचा आकडा ज्याने मोजून लिहिला, त्याने तो शेवटी पुन्हा मोजलेला नाही.